बोट लागलं होतं

तुम्ही एका माणसाचा हात चोरलात. पाकीट नाही, घड्याळ नाही, हात. दिवसाढवळ्या, भरलेल्या स्टेडियममध्ये, कॅमेऱ्यांसमोर चोरलात आणि वर त्याच माणसाला बोलावून त्याची पाठ थोपटलीत. मग तो हात भिंतींवर रंगवलात, बसच्या पाठीवर चिकटवलात, चौकातल्या दिव्याच्या खांबांना टांगलात. खाली ठळक अक्षरांत लिहिलंत, ‘विजयाचा हात, साहेबांच्या साथीला’. तुम्हाला कोणी तोंडावर बोलत नाही, म्हणून इथे सांगावं लागतंय की तो हात कोणाचा होता आणि कशासाठी वर गेला होता. ऐका. मध्येच फोन घेऊ नका.

हात होता बांबूचा.

बांबू बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम करायचा. उंची अशी की तो एका गाडीखाली शिरला की पाय शेजारच्या गाडीखालून काढावे लागतात, असं कंडक्टर लोक प्रवाशांना सांगायचे आणि प्रवाशांना ते खरं वाटायचं. त्याची थोरली बहीण त्याच डेपोत टायर विभागात होती. सगळा डेपो तिला ताई म्हणायचा, तिच्याहून वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. व्हॉलीबॉल त्याला ताईनेच शिकवला. वर्कशॉपमागच्या अंगणात, बस धुवायच्या उतारापाशी, जाळीचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला आणि दुसरं एका मोडीत काढलेल्या बसच्या खिडकीला बांधलेलं. पाळी बदलली की कामावर येणारे विरुद्ध घरी जाणारे असा डाव रंगायचा. पॉइंट टाकीच्या खांबावर खडूने.

पंच नव्हता. पंच ठेवावा तर ड्रायव्हर म्हणायचे तो मेकॅनिकांचा, मेकॅनिक म्हणायचे तो कंडक्टरांचा. एकदा एका पॉइंटवरून प्रकरण पान्यापर्यंत गेलं. डोकी फुटायचीच बाकी होती. तेव्हा ताई मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “उद्यापासून पंच बंद. बाहेर जाणाऱ्या चेंडूला ज्याचं बोट लागलं असेल त्याने स्वतःच हात वर करायचा. पॉइंट समोरच्यांना. कोणी विचारायचं नाही, कोणी भांडायचं नाही.”

“आणि बोट लागूनही हात वर केला नाही तर?” वेल्डरने विचारलं. त्याला अशा शंका आधी यायच्या.

“तर मग जाळीला हात लावायचा नाही. सगळ्यांसमोर ‘टच होता’ म्हणायचं, समोरच्यांचा पॉइंट वाढवायचा, आणि मग यायचं खेळायला. मध्ये दहा दिवस जावोत नाहीतर दहा वर्षं.”

तेव्हापासून तोच कायदा. तो बांबूच्या अंगात इतका मुरला होता की गाडीखाली डोकं आपटलं तरी त्याचा हात आधी वर जायचा आणि शिवी नंतर यायची.

असा हा बांबू पुढे शहराच्या संघात गेला, मग देशाच्या. आणि त्या अंतिम सामन्यात जाळीपलीकडे कोण होतं हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांचं नाव काढलं की तुमच्या सभेत टाळ्या पडतात तेच, सरहद्दीपलीकडचे. शेवटचा सेट. आपल्याला एक पॉइंट हवा होता. त्यांच्या डावखुऱ्याने असा काही हाणला की चेंडू दिसला नाही, नुसता आवाज आला. बांबू उडालेला होताच. चेंडू त्याच्या उजव्या करंगळीला चाटून मागे रेषेबाहेर जाऊन पडला. रेषेवरच्या माणसाने झेंडा वर केला. आउट. पंचाने पॉइंट आपल्याला दिला. समोरच्यांनी कॅमेऱ्यावरून पडताळणी मागायच्या संधी आधीच वापरून टाकल्या होत्या. सामना संपला, आपण जगज्जेते.

आणि बांबूने हात वर केला.

विचार करून नाही. हात आपोआप गेला, डेपोतल्या अंगणात जायचा तसा. डावखुऱ्याने तो पाहिला. त्याने जाळीतून बोट दाखवलं, पंचाला ओरडून काहीतरी सांगितलं. पण तोवर आपले अकरा जण बांबूवर येऊन कोसळले होते, त्याला उचलून खांद्यावर घेतलं होतं, आणि वर गेलेला हात खाली आणायलाही जागा उरली नव्हती. खालून कॅमेरा लागला. चित्रात हात, आणि हाताच्या मागे वरच्या सज्जात उभे असलेले तुमचे साहेब. समालोचक गहिवरून म्हणाला, “पाहा, आपला वीर साहेबांना मानवंदना देतोय.”

झालं. एवढ्या वाक्यात चोरी पूर्ण झाली.

बांबूला खांद्यावरून उतरवलं तेव्हा पंच खुर्चीवरून उतरत होता. चार पावलांवर होता. बांबूने त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग कोणीतरी गळ्यात पदक घातलं आणि त्याने तोंड मिटलं. आनंद झाला होता त्याला, खोटं कशाला बोला. पोटातून झाला होता. करंगळी मात्र सुजत चालली होती.

*

डेपोत परतला त्या दिवशी सगळ्या बसनी एकदम भोंगे वाजवले. अंगणात माणूस मावत नव्हता. वेल्डरने लोखंडी पट्ट्यांची एक ट्रॉफी बनवली होती, ती उचलताना दोघांच्या कमरा गेल्या. लोकांनी बांबूला पाहून हात वर केले, पोस्टरवरच्यासारखे. ताई टायरच्या ढिगावर बसली होती. तिने हात वर केला नाही. टाळ्या मात्र वाजवल्या, तळव्याला तळवा नीट लावून, हिशेबाने.

गर्दी ओसरल्यावर कंडक्टर म्हणाला, “चला, जगज्जेत्याबरोबर एक डाव. उद्या मी प्रवाशांना सांगीन, मी ह्याचा चेंडू उचलला.”

बांबूने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि जाळीकडे गेला. ताई ढिगावरून उतरली. त्याचा उजवा हात तिने पकडला आणि करंगळी दाबली. तो कळवळला.

“हे कधीचं?”

“शेवटच्या पॉइंटचं.”

“म्हणजे तो हात त्याच्यासाठी होता.”

“मग काय साहेबांसाठी? मी कशाला साहेबांना हात करू? मला तर ते दिसतही नव्हते.”

“मला वाटलंच,” ताई म्हणाली. “टीव्हीवर पाहिलं तेव्हाच म्हटलं, ह्याचं बोट लागलंय. मग पुढे काय केलंस?”

बांबूने हात सोडवून घेतला.

“जाळीपासून लांब हो.”

“ताई, अगं तो डेपोतला डाव होता का? तिथे पंच होता. त्याने दिला पॉइंट.”

“हात पंचाने वर केला की तू?”

वेल्डर मध्ये पडला. “सोड ना ताई. देशासाठी एक टच गिळला तर काय बिघडलं? मी त्या रात्री चौकात नाचलो. गुडघा दुखत असताना नाचलो.”

“नाच की. तुला कोण अडवतंय? मी ह्याला सांगतेय.” ती बांबूकडे वळली. “तू खोटं बोललास असं मी म्हणत नाही. तू खरं अर्धं बोललास आणि उरलेलं त्या लोकांना विकायला दिलंस. पॉइंट परत कर, मग ये.”

“कसा परत करू? तो काय ह्या खांबावर लिहिलाय?”

“ते तुझं तू बघ.”

कंडक्टर, वेल्डर, सगळे पाहत राहिले. कोणीतरी ‘जाऊ दे रे, ये’ म्हणेल म्हणून बांबू थांबला. कोणी म्हणालं नाही. कायदा त्यांनाही माहीत होता. तो कोट खांद्यावर टाकून निघून गेला, आणि पाठीमागे चेंडूचा आवाज सुरू झाला. जगज्जेत्याला स्वतःच्या अंगणात खेळायला मिळत नव्हतं. त्याच्या अंगाची लाही लाही झाली.

त्यानंतर त्याला चैन पडेना. घरी बसला की उठायचा, उठला की दारापर्यंत जाऊन परत यायचा. आईने पोस्टर भिंतीला लावलं होतं, ते नजरेआड करायला तो खुर्ची फिरवून बसायचा, तर खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं मोठं पोस्टर दिसायचं. बसमध्ये चढला की प्रवासी हात वर करायचे. उत्तरादाखल त्याचाही हात जायचा. बाहेर जाताना तो दोन्ही हात खिशात कोंबायला लागला.

“असा काय चालतोस, चोरासारखा?” आई म्हणाली.

तो खेळाच्या मंडळावर जाऊन धडकला.

*

मंडळाचा सचिव माणूस गोड होता. त्याने स्वतः उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

“बोला चॅम्पियन.”

“सर, तो टच होता.”

“कुठला?”

“शेवटचा. माझ्या करंगळीला लागला.”

सचिवाने उठून दार लावलं. “पंचाने काय दिलं?”

“आउट.”

“मग आउट.”

“पण सर, मला लागलं.”

“तुला लागलं ते डॉक्टरला दाखव.”

“त्यांच्या डावखुऱ्याने पाहिलंय.”

“तो शत्रू आहे.”

“तो डावखुरा आहे, सर.”

सचिव हसला, मग हसणं आवरलं. आणि पुढे जे बोलला ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. “हे बघ. माझ्या शेजारच्या घरात एक म्हातारा राहतो. भिंतीच्या वादावरून माझ्याशी बोलणं बंद केलेलं. आपण जिंकलो तेव्हा तो पळत आला आणि मला मिठी मारून रडला. अशी किती घरं असतील? त्यांना काय सांगू, मिठ्या परत करा? तुझ्या एका करंगळीसाठी?”

बांबूने चहाचा कप उचलला आणि तसाच ठेवला.

“उलट आनंदाची बातमी आहे,” सचिव म्हणाला. “येत्या रविवारी साहेब स्वतः तुमच्या डेपोत येतायत. तिथे तुझ्या सन्मानार्थ क्रीडासंकुल होणार. कमानीवर तुझा हात, सिमेंटचा, दोन मजली. तू व्यासपीठावर यायचं, हात वर करायचा. तुझ्याबरोबर लोक करतील. हात वर करून लोकांनीच मंजुरी दिली, असं होईल. बाकी काही बोलायचं नाही.”

“आणि डेपो?”

“हलेल. शहराबाहेर, कचऱ्याच्या डोंगरापलीकडे जागा बघितलीय. बसला काय, चाकं आहेत. कुठूनही धावेल.”

आता कळलं. डेपोच्या जमिनीवर तुमचा डोळा जुना. कितीदा टूम निघाली आणि कितीदा बारगळली, कारण कामगार गाड्या रस्त्यावर आडव्या घालतील ही भीती होती. आता कोण आडवा जाणार? स्वतःच्याच पोराच्या सन्मानाला कोणता कामगार विरोध करेल? जे पोलीस लावून जमलं नव्हतं ते तुम्ही एका करंगळीवर जमवलंत.

बांबू ही बातमी घेऊन डेपोत आला. जाळीपासून लांब, मोडक्या बसच्या पायरीवर उभा राहून त्याने ती सांगितली. अंगणात एकच गलका झाला.

“मी तिकडेही वेल्डिंगच करणार,” वेल्डर म्हणाला. “आणि संकुलात कमान होणार म्हणजे लोखंडाचं काम निघेल. कोणीतरी करेलच ना ते.”

“अरे पण तिकडे पोचायचं कसं?” कंडक्टर म्हणाला. “बसचा शेवटचा थांबा त्याच्या अलीकडे आहे. पहिली गाडी काढायला मी काय उडत जाऊ?”

“मुलं पाळणाघरात सोडून तिकडे जाणारी बाई नोकरीच सोडेल,” टायर विभागातली एक जण म्हणाली. तिने बांबूकडे पाहिलं नाही, आणि ते त्याला जास्त झोंबलं.

ताई म्हणाली, “रविवारी आपण सगळे यायचं. आपल्याच अंगणात चाललंय, न येऊन कसं चालेल? पण हात वर करायचा तो बोट लागलं असेल त्यानेच. ज्याचं लागलं नसेल त्याने हात खाली ठेवायचा. नवीन काही करायचं नाही. आपला नियम आहे तोच.”

“आणि मी?” बांबूने विचारलं.

“तुझं बोट लागलंय,” ताई म्हणाली, आणि कामाला निघून गेली.

*

रविवारी अंगण ओळखू येत नव्हतं. तेलाचे डाग गालिच्याखाली गेले होते. टाकीच्या खांबाला तुमची पताका गुंडाळली होती. मोडकी बस ओढून भिंतीमागे लपवली होती आणि तिच्या जागी नवे चकचकीत खांब, पांढरीशुभ्र जाळी. पुढच्या खुर्च्यांवर गाड्या भरभरून आणलेली माणसं, सगळ्यांच्या अंगात बांबूचा नंबर असलेले बनियन. डेपोचे कामगार मागे, उभे. दुपारच्या उन्हात कामाच्या कपड्यांत.

साहेब आले. त्यांना चेंडू दिला. त्यांनी मूठ मारली, चेंडू तिरका जाऊन फोटोवाल्याच्या टोपीवर बसला, आणि लोकांनी असा जल्लोष केला की जणू तोही पॉइंट. साहेब हसले. माणूस म्हणून वाईट हसत नव्हते, हेही सांगून टाकतो.

मग निवेदकाने बांबूला पुढे घेतलं. “आता आपला वीर हात वर करेल. त्याच्यासोबत आपण सगळे. हाच आपला ठराव, हीच आपली मंजुरी.”

संघाचा कोट बांबूला काखेत काचत होता. सकाळपासून त्याने ना काही खाल्लं होतं, ना तो एका जागी बसला होता. समोर पोस्टर, पोस्टरवर तो, आणि पोस्टरमधला तो त्याच्यापेक्षा खूप निवांत दिसत होता. सचिव पहिल्या रांगेतून मान डोलावून सांगत होता, कर, कर. त्याच्या शेजारी एक म्हातारा बसला होता. बांबूला वाटलं, हाच तो मिठीवाला असणार. म्हातारा इतक्या कौतुकाने पाहत होता की बांबूने नजर वळवली.

त्याने मागे पाहिलं. कंडक्टरचे हात खिशात. टायरवाल्या बायकांचे हात पाठीमागे. वेल्डरने आपले जाड हातमोजे घातले होते, आणि ते दोन्ही हात पोटाशी धरून तो असा उभा होता की जणू ते सुटून पळतील.

बांबूने हात वर केला.

पुढच्या खुर्च्यांवरचे शेकडो हात वर गेले. निवेदकाने ‘मंजूर’ म्हणायला तोंड उघडलं. बांबूने त्याच्या हातातला माइक घेतला. हिसकावला नाही, घेतला. माणूस इतका उंच होता की निवेदकाला वाटलं हे ठरलेलंच असेल.

“मी हात वर करतो ते बोट लागतं तेव्हा,” बांबू म्हणाला. “त्या दिवशीही म्हणूनच केला होता. टच होता. पॉइंट त्यांचा. ह्या जागेचं मला—”

माइक बंद झाला. तो पुढेही बोलत होता, नुसते ओठ हलताना दिसत होते. पण मागच्यांना माइक लागत नव्हता. वर्कशॉपच्या गोंगाटात ते आयुष्यभर ओठ वाचत आले होते.

ताई गर्दीतून निघाली. कोणाला काही कळायच्या आत ती टाकीच्या खांबापाशी गेली, पताका बाजूला सारली, खिशातून खडू काढला आणि समोरच्यांच्या बाजूला एक रेघ ओढली. मग दोन माणसं तिला धरून बाहेर घेऊन गेली. जाताना ती म्हणाली, “धरू नका, येतेय मी. हाताला काळं लागेल तुमच्या.”

दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्तमानपत्रांत पुढच्या खुर्च्यांचा फोटो आला. हातांचं जंगल. मथळा, ‘एकमुखाने मंजुरी’. मागच्या रांगा फोटोत नव्हत्या. बांबूबद्दल चार ओळी होत्या, ताणामुळे त्याची मनःस्थिती ठीक नाही म्हणून. संघातून त्याला विश्रांती मिळाली, न मागता. सरहद्दीपलीकडच्या वर्तमानपत्रांनीही त्याची गय केली नाही, त्यांनी लिहिलं, ‘लबाडाची कबुली’. म्हणजे दोन्हीकडून शिव्या. आईने पोस्टर काढलं नाही, पण त्याच्यावर कॅलेंडर लावलं. वेल्डर दोन दिवस बोलत नव्हता. मग म्हणाला, “गुडघा दुखत असताना नाचलो होतो रे मी,” आणि बोलायला लागला.

आणि तुम्ही? तुम्ही पोस्टरं बदललीत. बांबूचं तोंड कापून टाकलंत, हात तेवढा ठेवलात. तुम्हाला तेवढाच हवा होता.

डेपो अजून आहे. फाटकाबाहेर तुमचं खोदकामाचं यंत्र उभं आहे आणि फाटकाआत कामगारांनी तीन बस आडव्या लावल्यात. कोण आधी हलतं ते कळेलच. पाळी बदलताना डाव रंगतो. बांबू त्यात आहे. रविवारी संध्याकाळीच ताईने त्याच्याकडे चेंडू फेकला होता आणि नुसतं म्हटलं होतं, “सर्व्हिस कर.” तो खेळतो चांगला. पण डाव संपला तरी त्याला बसवत नाही. फाटकापर्यंत जातो, यंत्राकडे पाहतो, वर टांगलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहतो आणि परत येतो.

आता तुमची पाळी. त्या जमिनीला, त्या सचिवाच्या जिभेला, भाड्याने आणलेल्या त्या हातांना, बंद पडलेल्या त्या माइकला तुमचं बोट लागलं की नाही? पंच तुमचा, रेष तुमची, झेंडा धरणारा माणूसही तुमचा, म्हणून त्यांना विचारत नाही. तुम्हालाच विचारतोय, डेपोच्या अंगणात विचारतात तसं. लागलं असेल तर हात वर करा. नसेल तर तसं सगळ्यांसमोर म्हणा. गप्प राहून चालणार नाही.

बोला, लागलं की नाही?